अर्धाच धुतलेला बगळ्या

बगळ्या माझ्या हातून हरवला. हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर माझी खोड अशी, की स्वतःची चूक गोष्टीच्या शेपटाला बांधायची, आणि तोवर ऐकणारा उठून गेलेला असायचा. या वेळी तसं करायचं नाही. शिवाय आतापर्यंत मी जे लिहिलं त्यात आमच्या घराचं पडतं घेणंच जास्त आलं. हे प्रकरण जिंकल्याचं आहे, आणि ते नीट सांगायचं तर हरवण्यापासूनच सुरुवात करायला हवी.

बगळ्या म्हणजे माझी धाकटी बहीण मंदा हिचा मेंढा. आम्ही खुटबावला राहायचो, दोन खणांच्या पत्र्याच्या घरात. आमचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरलेले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते फिरणं सोडून पाटाच्या पाण्यावर वांगी आणि झेंडू लावायला सुरुवात केली होती. पण मेंढरं पुरती सुटली नव्हती. तीसेक जनावरं घरापुढच्या जाळीच्या वाघरात असायचीच. पहाटे जाग यायची ती त्यांच्या शिंकण्यानं. मग दौंडकडच्या शटलची शिट्टी, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि त्या सगळ्याच्या खालून आबांच्या चातीची गुणगुण. आबा बसल्या जागी हातचातीवर लोकर कातत राहायचे. अलीकडे त्यांचा धागा कुठं जाड, कुठं बारीक यायचा. मोतीबिंदू पिकत चालला होता, आणि ते कबूल करायला ते तयार नव्हते. थंडीत आई हुलग्याचं माडगं करायची. ते भाकरीबरोबर ओरपताना आबांच्या मिशीला लागायचं आणि मंदा हसायची. मेंढीच्या दुधाचा दाट चहा, ठेचा आणि त्या माडग्याचा वास मला आजही एखाद्या लग्नाच्या पंगतीत बसलं की आठवतो, आणि समोरचं श्रीखंड गोड लागेनासं होतं.

बगळ्याची आई तो तीन दिवसांचा असताना मेली. मंदानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. आमची बाकी मेंढरं काळी, करडी. हा एकटा पांढराशुभ्र, म्हणून बगळ्या. आमच्याकडे प्रत्येक कोकराच्या डाव्या कानाला त्रिकोणी काप घेतात. तीच आमच्या घरची खूण. रंगाची खूण पावसात धुऊन जाते, कानाची जात नाही. पण आबा कात्री घेऊन आले तेव्हा मंदानं कोकरू पोटाशी धरलं आणि अशी काही किंचाळली, की शेजारचे लोक धावत आले.

“राहू दे गं बाई, राहू दे,” आबा म्हणाले. “एवढं पांढरंशिप्पट जनावर. कोसभरावनं वळखू येतंय.”

आई चुलीपासून म्हणाली, “लेकीच्या रडण्यावर खुणा ठरायला लागल्या म्हंजी झालंच.”

मी त्या वेळी आयटीआय संपवून दौंडला एका लहानशा वर्कशॉपमध्ये लागलो होतो. रेल्वेतून निवृत्त झालेल्या परेरा साहेबांचं ते शेड होतं, रुळांच्या पलीकडे. ट्रकचे, ट्रॅक्टरचे आणि साखर कारखान्याच्या यंत्रांचे भाग आमच्याकडे तपासायला यायचे. लोखंडात डोळ्याला न दिसणारी चीर असते. तो भाग चुंबकानं भारायचा, त्यावर लोखंडाच्या बारीक भुकटीचं पाणी सोडायचं, खोलीत अंधार करायचा आणि वरून काळा दिवा धरायचा. आम्ही त्याला काळा दिवाच म्हणायचो. कढईएवढा, जांभळट काळ्या काचेचा. त्याचा उजेड म्हणावा असा दिसत नाही, पण भुकटी जिथं चिरेत अडकलेली असते तिथं हिरवागार धागा पेटून उठतो. पहिल्यांदा तो धागा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. चांगला घासलेला, चकचकीत दांडा, आणि त्याच्या पोटात ही हिरवी वीज.

पण त्या दिवशी त्याच्याही आधी भलतंच चमकलं होतं. नोकरीचा पहिला दिवस म्हणून मंदानं माझा पांढरा शर्ट कपडे उजळायच्या पावडरीत बुडवून काढला होता. शाळेच्या गणवेशासाठी ती पावडर आई जपून वापरायची. साहेबांनी दिवा लावला आणि माझं सगळं धड निळसर पांढरं पेटलं. अंधारात डोकं नसलेला, हात नसलेला एक शर्ट उभा!

“अरे, ट्यूबलाइट घालून आलास काय?” साहेब ओरडले. “बाहर! काळा शर्ट घालून ये. तुझ्या उजेडात मला क्रॅक काय दिसणार, घंटा?”

मग बाहेर चहा पिताना त्यांनी नीट समजावलं. या दिव्यातून जे किरण येतात ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण काही पदार्थ ते पितात आणि दिसणारा उजेड परत देतात. कपडे उजळायची पावडर त्यातलीच. पुढं कित्येक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी दिव्याखाली काय काय धरून पाहिलं. तेलात कालवलेली हळद पिवळी हिरवी पेटते. नखं आणि दात दुधाळ दिसतात. स्पिरिटमध्ये पालक ठेचून टाकला तर तो हिरवा पाला रक्तासारखा लाल उजळतो. साहेब म्हणायचे, “महादू, तू नोकरीला आलास का सर्कसला?” पण तेही वाकून बघायचे.

त्यांना मी माझं घर मेंढरांचं आहे हे सांगितलं नव्हतं. वडील बागायतदार आहेत, एवढंच म्हणालो होतो. शटलमध्ये बसण्याआधी मी शर्टाला मेंढरांचा वास येतो का ते हुंगून बघायचो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटायची.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही मेंढरं धुतो, रंगवतो आणि वाजतगाजत पळवतो. त्या वर्षी मंदानं बगळ्याला घराच्या मागं नेऊन आईची ती पावडर बादलीत ओतली. मेंढ्याला आडवा पाडून त्याच्या लोकरीत ते पाणी मुरवत बसली. डावं अंग झालं, उजव्या अंगाला हात घालणार तोच आई आली. तिनं रिकामा पुडा पाहिला आणि केरसुणी उचलली. मंदा पळाली, बगळ्या पळाला, बादली लवंडली. मी दारात उभा राहून पोट धरून हसलो. दोन दिवसांत धुळीनं बगळ्याची दोन्ही अंगं सारखीच मळकी झाली आणि ते सगळे विसरले. मार खाल्लेली सोडून.

त्यानंतर काही आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी, आबांनी मला मेंढरं नदीवर न्यायला सांगितलं. भीमेच्या पलीकडे वडगाव रासाईच्या बाजूला पिकं निघाल्यावर रानं मोकळी होती. मी गेलो, पण मनानं गेलो नाही. वर्कशॉपचा माणूस आता काठी घेऊन फिरतोय, हे कुणी ओळखीच्यानं बघू नये म्हणून बाभळीच्या आडोशाला जाऊन पडलो, आणि तिथंच डोळा लागला. उठलो तेव्हा दुसरा एक मोठा कळप पाणी पिऊन टेकाड चढत होता. आमची मेंढरं गोळा करून मी घरी आणली. वाघराच्या तोंडाशी मंदा उभी होती. तिनं एक एक जनावर आत जाताना पाहिलं, आणि शेवटचं गेल्यावर माझ्याकडे बघत राहिली.

“दादा, माझा बगळ्या?”

तो टेकाड चढलेला कळप वडगाव रासाईच्या तात्यांचा होता. तात्या आमच्याच समाजातले, मोठं खटलं, दीडशेवर मेंढरं, घरी ट्रॅक्टर, बोलणं तोऱ्याचं. चौथ्या दिवशी आबा, मंदा आणि मी त्यांच्या वस्तीवर गेलो. मंदानं लांबूनच बोट दाखवलं. पांढऱ्या मेंढ्यांच्या घोळक्यात बगळ्या उभा होता, पाठीवर तात्यांच्या घरचा लाल पट्टा ओढलेला. तिनं हाक मारली तसा तो आला आणि तिच्या परकराला नाक घासायला लागला.

“बगा, आला का न्हाई?” मंदा म्हणाली.

तात्यांनी खिशातून शेंगदाणे काढून हात पुढं केला. बगळ्या लगेच वळला आणि त्यांचा हात चाटायला लागला. तात्यांचे गडी हसले.

“आता ह्यो माझा झाला का, सांग?” तात्या म्हणाले. “पोरी, मेंढरू खाण्यामागं जातंय. आबा, कान दाखवा ह्याचा. हाय का तुमचा काप? न्हाई. माझ्याकडं पांढरी पंधरा-वीस हायती. त्यातलंच हे एक. तुमच्या पोराला झोप लागली त्याला मी काय करू?”

आबांनी तिथं एक वाक्य टाकलं, आणि ते वाक्य मग अंगाशी आलं. “तात्या, माझं जनावर तुमच्या कळपात हाय, आन् तुम्ही ते दडवताय.”

“म्हंजी मी चोर?”

आबांनी शब्द मागं घेतला नाही. तात्यांनी चारचौघांत विचारलं होतं, तेव्हा आता निवाडाही चारचौघांतच होणार होता.

आमच्यात अशा भांडणाचा निवाडा बिरोबापुढं होतो. जो आळ घेतो त्या घरच्या कर्त्यानं बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, तळहातावर घ्यायची आणि सांगायचं की माझं म्हणणं खरं आहे. त्यानं उचललं की पंच त्याच्या बाजूनं. नाही उचललं तर त्यानं खोटा आळ घेतला असं ठरतं, आणि समोरच्याच्या पायावर डोकं ठेवून माफी मागावी लागते. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी तात्यांच्याच वस्तीवरच्या देवळापुढं बसायचं ठरलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तात्यांकडे कातरणी होती. एकदा लोकर उतरली की सगळी पांढरी मेंढरं सारखीच नागडी.

घरी आल्यावर आई म्हणाली, “मग काय, उचला भंडारा. मेंढा आपलाच हाय.”

आबा चाती फिरवत होते. ती थांबली. “मला धुरकाट दिसतंय,” ते म्हणाले. ही कबुली त्यांनी पहिल्यांदाच दिली. “पांढरं कायतरी पोरीजवळ आलं, एवढं दिसलं. बगळ्याच हुता का न्हाई, ते मला दिसलं न्हाई. न बघितल्याची शप्पथ कशी घिऊ?”

“मंदा सांगतीय की! लेकरू खोटं बोलंल व्हय?”

“मंदा खरंच बोलत आसंल. पर हात माझा हाय.”

“मग आळ कशाला घेतला?”

“ते चुकलं,” आबा म्हणाले. “पायावर डोकं ठिवीन.”

तात्यांच्या पायावर आबांचं डोकं. मला जेवण गेलं नाही. आबांनी उभ्या आयुष्यात भंडारा उचलला नव्हता. उचलायची वेळच येऊ नये असं ते वागले होते. आणि आता मी बाभळीखाली झोपलो म्हणून ते गुडघ्यावर बसणार होते. घरात मला कुणी एक शब्द बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

सोमवारी वर्कशॉपमध्ये साहेबांनी दांड्यावरचं पाणी पुसायला स्वतःचा रुमाल काढला आणि दिव्याखाली तो भक्कन पेटला. मी त्या रुमालाकडे बघत राहिलो. पाडव्याची बादली, रिकामा पुडा, आईची केरसुणी, सगळं एका दमात डोळ्यांपुढं आलं. मी साहेबांना म्हणालो, “सर, लोकर चमकेल का?”

“कसली लोकर?”

मग मी सगळं सांगितलं. मेंढरं, वाघर, बगळ्या, आबा. सांगताना माझी मान खाली होती. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुझ्या घरी तीस मेंढ्या आहेत आणि तू दोन वर्षांत मला एकदा पण मटणाला बोलावलं नाहीस?” आणि मग गंभीर होऊन, “आधी टेस्ट कर. बिना टेस्टचं पार्ट मी पास करत नाही.”

संध्याकाळी मंदाला सोबत घेऊन मी घराच्या मागं शोधलं. जिथं तिनं बगळ्याला आडवा पाडला होता तिथं कुंपणाच्या तारेला पांढऱ्या लोकरीचा एक झुबका अडकलेला होता. दुसऱ्या दिवशी तो दिव्याखाली धरला. झुबका निळा पांढरा पेटला. साहेबांनी बाजारातून साधी पांढरी लोकर आणवली होती. ती शेजारी नुसती अंधुक, मळक्या धुक्यासारखी दिसत होती.

“पास!” साहेब म्हणाले. “रविवारी मी येतो. दिवा माझा, मीच धरणार. चर्चला बायको माझ्या वाटचं पण जाईल.”

रविवारी सकाळी साहेब स्कूटरवर मागं दिव्याचा खोका बांधून आले. अंगात काळा शर्ट, डोक्यावर टोपी. देवळापुढं माणसं जमली होती. मधोमध पंचांतले सर्वांत वयस्कर आप्पा बसले होते, पांढऱ्या फेट्याचे, कपाळभर भंडारा लावलेले. मी जाऊन त्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, “आप्पा, शप्पथ घ्यायच्या आधी आमचा पुरावा बगा.” देवळाच्या बल्बच्या जागेवरून वीज घेता येईल का, हेही विचारलं.

“पुरावा इजेवर चालतोय व्हय?” तात्या म्हणाले. “मग अकराच्या आत उरका. लाइट जाती अकराला.”

अंधार कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र आमच्या लोकांना पडला नाही. बायकांनी घरोघरच्या काळ्या घोंगड्या आणल्या, दोन-दोन पदरी करून दाभणानं टाचल्या, बांबूवर टाकल्या, आणि भर उन्हात देवळाच्या अंगणात एक काळाकुट्ट तंबू उभा राहिला. आमचं काळं लोकरीचं घोंगडं पाऊस अडवतं, थंडी अडवतं, त्या दिवशी त्यानं सूर्य अडवला.

मी आप्पांना पावडरीची गोष्ट सांगितली. आप्पांनी विचार केला आणि म्हणाले, “पोरा, पांढरं ते समदंच चमकत आसंल, तर?”

तेव्हा मंदा पुढं आली. पंचांपुढं पोरीनं बोलायची पद्धत नव्हती. आईनं तिचा हात धरला, तो तिनं सोडवला. “आप्पा, बगळ्या सगळा चमकायचा न्हाई. डावंच अंग चमकंल. उजवं धुवायच्या आधी आईनं मला केरसुणीनं मारलं. इचारा तिला.”

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईनं पदर तोंडाशी घेतला. “मारलं खरं,” ती म्हणाली. “पुडा पुरता संपवला हुता वो तिनं.”

हसण्याची लाट उठली. आप्पाही हसले. “झालं तर मग. डावं चमकायचं, उजवं न्हाई. समद्यांनी ध्यानात ठेवा.”

आप्पा, तात्या आणि दोन पंच आत शिरले. मी मेंढरं धरायला, साहेब दिव्यापाशी. दिवा पेटायला वेळ घेतो. आधी नुसता घुमतो, मग हळूहळू जांभळा होतो. तो तापला आणि आप्पा एकदम ओरडून बाहेर पळाले. “आरं, देव आला! ह्या समद्यांच्या कपाळावर देव आला!” आत पंचांचे दात दुधासारखे दिसत होते, धोतरं पेटली होती आणि कपाळावरचा तेलात कालवलेला भंडारा हिरव्या पिवळ्या ज्वाळेसारखा उजळला होता. बाहेर लोक हात जोडायला लागले. कुणीतरी म्हणालं, बिरोबानं कौल दिला. त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तर पुढचं काही करावंच लागलं नसतं. पण ज्या घरात बाप न दिसलेल्याची शपथ घेत नव्हता, तिथला मी. घोंगडीतून डोकं बाहेर काढून मी म्हणालो, “आप्पा, देव न्हाई ओ. हळद हाय. हळद ह्या दिव्यात अशीच दिसती.”

“मग आधी सांगायचं की, गाढवा!” आप्पा म्हणाले आणि फेटा सावरत परत आत आले.

आधी तात्यांचा एक पांढरा मेंढा आणला. धुरकट, मळका दिसला. मग बगळ्याला आत घेतलं. तो दाराकडून आला तसं त्याचं उजवं अंग दिव्याकडे होतं. तेही तसंच मळकं. तात्या जोरात हसले. “कुठं हाय तुझी दिवाळी? आं? दोन्ही सारखीच की!” बाहेरच्या त्यांच्या माणसांनी ते ऐकलं आणि शिट्ट्या वाजल्या. “वळवतो,” मी म्हणालो, शिंगाला धरून बगळ्याला फिरवायला लागलो, आणि वीज गेली.

अकरा वाजायला अजून वेळ होता. पण त्या काळात वीज घड्याळ बघून जात नव्हती. आम्ही बाहेर आलो. ऊन डोळ्यांत घुसलं. तात्यांनी डाव साधला. “बगितलं ना समद्यांनी? न्हाई चमकला. आबा, या पुढं.”

आबा उठले. खरोखरच उठले. मंदा ओरडली, “आबा, डावं ऱ्हायलंय! डावं अंग ऱ्हायलंय!” आप्पांनी हात वर केला. “बसा आबा. पोर बरोबर बोलतीय. उजवं चमकायचं न्हाई, आसंच ठरलं हुतं. आर्धा तपास झालाय. लाइट येऊ द्या.”

लाइट आली, पण दिवा पेटेना. लोक कुजबुजायला लागले. साहेब दिव्याच्या काचेवर टोपीनं वारा घालत होते. “गरम आहे तोवर पेटणार नाही,” ते आप्पांना म्हणाले. “थंड व्हायला पाहिजे. माझ्या बायकोसारखं आहे, काका. घाई केली की आणखी वेळ लागतो.” आप्पांना ते फार पटलं. त्यांनी चहा मागवला. मी बगळ्याचं शिंग धरून उन्हात उभा होतो. लाइट पुन्हा गेली तर? कातरणी उद्यावर होती. पलीकडे आबा मांडी घालून, डोळे मिटून बसले होते. मला आयुष्यात देवाकडे काही मागता आलेलं नाही, आपली लायकी नाही असं वाटून. त्या दिवशी मागितलं.

काच हाताला सोसवेल इतकी निवली. आम्ही पुन्हा आत गेलो. खटका दाबला. दिवा घुमला, थांबला, पुन्हा घुमला. मग जांभळा झाला. मी बगळ्याला वळवला.

शेपटीपासून मानेपर्यंत सगळं डावं अंग पेटलं. निळं, पांढरं, चांदण्यासारखं, आणि पाठीवरचा तात्यांचा लाल पट्टा त्यात काळ्या जखमेसारखा. पाठीच्या कण्यावर तो उजेड सरळ रेघेत संपत होता. तिथंच केरसुणी पडली होती. पोटाजवळ तर मंदाच्या पाच बोटांचे ओघळसुद्धा वेगळे दिसत होते. बगळ्या शिंकला, तेवढाच आवाज.

“तात्या,” आप्पा हळूच म्हणाले.

“दिसलं,” तात्या म्हणाले. मग वाकून त्यांनी लोकरीत बोटं घातली. “माझ्या पोरांनी न बघता पट्टा ओढला. मी बी बघितलं न्हाई. आयला, काय दिसतंय रं हे!” तो मोठा, तोऱ्याचा माणूस लहान पोरासारखा बगळ्याची लोकर विंचरत बसला. माझ्या मनातला सगळा राग तिथं उतरला. बाहेर जाऊन त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “मेंढा आबांचा हाय. चूक माझ्या घरची.”

मग रांग लागली. बाया, म्हातारी, पोरं, जो तो आत येऊन अर्धा पेटलेला मेंढा बघून गेला. मंदा तंबूच्या तोंडाशी उभी राहून “डावीकडनं बगा, डावीकडनं” असं सांगत होती, जत्रेतल्या पाळण्यावाल्यासारखी.

सगळ्यात शेवटी मी आबांना हाताला धरून आत नेलं. अंधार झाला, दिव्याखाली बगळ्याला उभा केला. आबा थांबले. उन्हात त्यांना माणसांचे चेहरे दिसत नव्हते, पण त्या अंधारात समोर फक्त एकच गोष्ट उजळलेली होती आणि तिच्या मागं दुसरं काहीच नव्हतं. त्यांनी मान पुढं केली. “दिसतंय,” ते म्हणाले. “म्हादू, मला समदं दिसतंय. त्याचं शिंग दिसतंय. त्यो कान दिसतोय, न कापल्याला.”

बाहेर आल्यावर ते थेट देवापुढं गेले. आप्पा म्हणाले, “आबा, आता काय गरज? तात्यांनी कबूल केलंय. झाला निवाडा.”

“गरज हाय,” आबा म्हणाले. “आळ मी घेतला हुता, न बघता. आता बघितलंय.”

त्यांनी बेलाचं पान घेतलं, त्यावर मूठभर भंडारा घेतला आणि हात वर केला. आमच्या घरात हळू बोलणारा माणूस म्हणून ज्यांची ओळख होती, त्या आबांचा आवाज नदीच्या उतारापर्यंत गेला. “ह्यो मेंढा माझ्या लेकीचा हाय! आन् तात्यांनी चोरी केल्याली न्हाई! मेंढा माझ्या डोळ्यानं बघून सांगतोय, आन् तात्यांचं त्यांच्या तोंडनं ऐकून!”

तात्यांनी पुढं होऊन त्यांना मिठी मारली. भंडारा उधळला गेला, दोघांच्या डोक्यांवर, मंदाच्या केसांत, बगळ्याच्या पाठीवर. आप्पांनी आरोळी दिली, “बिरोबाच्या नावानं!” आणि सगळ्यांनी “चांगभलं!” केलं. मीही केलं, मान वर करून, घसा फुटेस्तोवर. सगळं शांत झाल्यावर मागून आणखी एक चांगभलं आलं, एकट्याचं, उशिरा, जरा चुकीच्या सुरात. परेरा साहेब हातात दिवा धरून उभे होते आणि त्यांची टोपी पिवळी झाली होती.